माळ्यावरच्या जुन्या हलक्या काठ्या: रंग राहू द्या, आधी कड्या बघा

परभणीच्या एका वाचकाने विचारलंय: चुलते येलदरी धरणावर नोकरीला होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. जुनं घर पाडताना माळ्यावर त्यांच्या गळ टाकायच्या दोन हलक्या कास्टिंग रॉड सापडल्या. दोन्ही साडेपाच फुटी, दोन तुकड्यांच्या. एकीचं टोक चार बोटं मोडलंय. दुसरीच्या कड्या गंजल्यात आणि मुठीचं बूच उंदरांनी कुरतडलंय. दुरुस्त कराव्यात की नवी घ्यावी? आणि रंगवायच्या तर कुठला रंग मारावा?

रंगाचं आधी मिटवून टाकतो. रंग मारू नका. काठीवर ऑइल पेंट चढला की तिचं वजन नेमकं टोकाकडे वाढतं, ती वाकते तिथे रंग तडकतो आणि खाली नळीला चीर गेली असेल तर ती झाकली जाते. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या काठ्यांत निम्म्यांचा पहिला दिवस कुणीतरी हौसेने मारलेला रंग खरवडण्यात जातो. काठी जुनी झाली म्हणजे बहुतेक वेळा काय झालेलं असतं? तंगूस म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा ज्या कड्यांतून जातो ती वाट बिघडलेली असते. नळी तशीच धडधाकट असते. तेव्हा पैसा आणि वेळ त्या वाटेवर घाला.

माझं नांदेडला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटरी भरणं हा धंदा, काठ्या बांधणं ही पंचवीस वर्षांची खोड. दोन्हींत काम एकच, गुंडाळायचं. म्हणून पुढे दाखले दुकानातले येतील, चालवून घ्या.

पहिलं काम, काठी कशाची आहे ते ओळखा. काचतंतूच्या म्हणजे फायबरग्लासच्या काठ्या १९४० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आल्या, ग्रॅफाइटच्या म्हणजे कार्बन तंतूच्या १९७० च्या दशकात. चुलत्यांची काठी दोन्हींपैकी कुठलीही असू शकते. काचेची काठी त्याच ताकदीच्या ग्रॅफाइटपेक्षा जाड आणि जड असते आणि टोक हलवलं तर डुलत राहते. खात्री करायची तर मल्टिमीटर घ्या. मोडलेल्या टोकाची कड जरा घासा आणि दोन्ही काड्या त्या उघड्या कडेवर टेकवा. ग्रॅफाइटमधून वीज जाते, काटा हलतो. काचेतून जात नाही. घासल्यावर पडणारी भुकटीही बघा, ग्रॅफाइटची काळी, काचेची पांढरी. दोन्ही भुकट्या छातीत जाऊ देऊ नका. तोंडाला फडकं बांधा आणि घासताना पाणी लावा.

हे ओळखणं नुसत्या कुतूहलापोटी नाही. ग्रॅफाइटची काठी म्हणजे हातात धरलेली तारच. आपल्याकडे कालव्याच्या कडेने शेतपंपांच्या लाइनी गेलेल्या असतात आणि कुठे कुठे तर तारा डोक्याला लागतील इतक्या लोंबतात. तिथे काठी उभी करायची नाही. वळवाच्या दिवसांत आभाळ गडगडायला लागलं की काठी खाली ठेवून पाण्यापासून आणि एकट्या झाडापासून लांब व्हायचं. काचेची आहे म्हणून बिनधास्त राहू नका, ओली काठी आणि ओला तंगूस यांचा भरवसा नसतो.

आता काठीवर काही छापलंय का बघा. ‘¼ ते ⅝ आउन्स’ असं काहीतरी पुसट दिसेल. एक आउन्स म्हणजे २८ ग्रॅमच्या जरा वर, तेव्हा ही काठी साधारण ७ ते १८ ग्रॅमचं आमिष फेकायला केलेली. छापील अक्षरं उडाली असतील तर दहाचं नाणं कामाला येतं, ते पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. काठीची मूठ टेबलावर आडवी दाबून धरा, टोकाला प्लास्टिकची छोटी पिशवी अडकवा आणि टोक काठीच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत नाणी टाकत जा. साडेपाच फुटीला ते ५६ सेंटिमीटर होतं. किती नाणी लागली ते लिहून ठेवा. दोन काठ्यांतली मऊ कुठली ते लगेच कळेल, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा मोजलं तर आपण तिला किती ताठर केली तेही कळेल.

नळी तपासायची ती बोटांनी, डोळ्यांवर भिस्त नको. डोळे मिटून चिमटीतून नळी सावकाश फिरवत न्या, जिथे नख अडकेल तिथे खूण करा. मग मूठ जमिनीला टेकवून टोक हलकेच वाकवा आणि कान द्या. ‘कट्’ असा बारीक आवाज आला तर आत तंतू सुटलेत. सांध्याच्या टोकाला चीर असेल तर दोऱ्याची घट्ट गुंडाळी आणि वर इपॉक्सी (दोन भाग कालवले की घट्ट होणारा चिकटा) एवढ्यावर भागतं. ग्रॅफाइटच्या नळीला मध्येच चेपल्यासारखं असेल तर मात्र तिचा नाद सोडा, तिच्या कड्या काढून दुसरीला लावा.

कड्यांसाठी जुनी युक्ती आहे. बायकांचा फाटका नायलॉनचा मोजा किंवा कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून ओढायचा. जिथे धागा अटकतो तिथे खाच आहे. ती खाच माशाच्या प्रत्येक ओढीला तंगूस खरवडते, आणि मग आपण म्हणतो, तंगूस कच्चा निघाला. गंज पॉलिशने जातो, खाच जात नाही. खाच पडलेली कडी बदलायचीच.

आता या काठ्यांमधला मूळ दोष. हलक्या कास्टिंग काठीत रील म्हणजे तंगूस गुंडाळायची चकरी वरच्या बाजूला बसते आणि कड्याही वरच. काठी वाकली की तंगूस कडी ते कडी सरळ रेषा धरतो, काठी मात्र खाली कमान घेते. कड्या कमी असतील तर मध्येच तंगूस नळीला घासतो किंवा तिच्या कडेवरून खाली घसरतो. जुन्या स्वस्त साडेपाच फुटी काठ्यांना टोक सोडून चारच कड्या असायच्या. फेक कमी जाते, काठी पिळते, आणि दोष रीलच्या माथी जातो. लांबी जितके फूट तितक्या कड्या अधिक एक, असा ठोकताळा आहे. म्हणजे तुमच्या काठीला सहा.

धड टोकाच्या काठीसाठी मी मापं देतो. सगळी टोकापासून मोजायची: १०, २२, ३६, ५३, ७३ आणि ९७ सेंटिमीटर. शेवटच्या कडीपासून रील साधारण ४५ सेंटिमीटरवर येतं, ते बरोबर आहे. मधला सांधा ८४ च्या आसपास असेल, तिथे कडी येत नाही हेही बघून घ्या. ही मापं मात्र शेवटचा शब्द नाहीत. कड्या आधी नुसत्या चिकटपट्टीने बसवा, तंगूस ओवा, कुणाला तरी टोक ओढायला सांगा आणि बाजूने बघा. तंगूस नळीला कुठे टेकतोय? तिथल्या दोन कड्या जवळ घ्या. अर्धा तास याच्यातच जाऊ द्या. घरात लेकरू असेल तर टोक ओढायचं काम त्याला द्या, त्याला त्यात भारी मजा येते.

जुन्या कड्या काढताना ब्लेड नळीवर चालवायचं नाही. कडीचा पाय दोऱ्याखाली असतो, त्या धातूच्या पायावरच दोरा चिरायचा, म्हणजे पातं लोखंडावर थांबतं. आधी केस वाळवायच्या यंत्राने जरा ऊब दिली की जुना लेप मऊ होतो आणि नखाने सोलून निघतो. टोकाची कडी काढायला लोक लायटर लावतात. मी लावत नाही. स्टीलच्या ग्लासात उकळतं पाणी घ्या, टोक मिनिटभर बुडवा, पक्कडीने कडी सरळ ओढा, पिळू नका. पाण्याने नळी जळत नाही, लायटरने एका सेकंदाचा फरक पडला तरी आतला चिकटा करपतो.

आता गुंडाळणी. यावर मी जरा रेंगाळणार आहे.

दोरा किती जाड? हलक्या काठीला जो दोरा वापरतात तो साधारण दीड दशांश मिलिमीटरचा. आमच्या भाषेत ३८ गेजच्या तारेइतका. मशीन एम्ब्रॉयडरीचा पॉलिएस्टर दोरा त्याच्या जवळपास भरतो आणि कुठल्याही शिलाई सामानाच्या दुकानात मिळतो. सुती दोरा नको, त्याला लव असते आणि ती लेपातून काट्यांसारखी वर येते. रेशीम हवं असेल तर आपल्या पैठणला ते विणकरांकडे असतंच, आणि बांबूच्या चिरफळ्यांच्या जुन्या काठ्या रेशमानेच बांधत. फक्त एक ध्यानात ठेवा, रेशमावर थेट लेप लागला की रंग जवळजवळ नाहीसा होतो आणि खालची नळी दिसते. काहींना तेच आवडतं. मलाही.

कडीच्या पायाचं टोक कानशीने घासून पातळ धार करा. पाय जाड राहिला तर दोरा नळीवरून पायावर चढताना तिथे पायरी पडते आणि फट राहते. खोक्याच्या पुठ्ठ्याला दोन इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचा पाडून काठी त्यात आडवी ठेवा. दोऱ्याची रीळ कपात टाका आणि दोरा जाड वहीच्या पानांतून काढून वर वजन ठेवा, झाला ताण. सुरुवातीला दोरा स्वतःवरच एक फुली मारून घ्या, पाच-सहा वेढे त्या शेपटीवर चढवा, शेपूट कापा. पुढे दोरा हलवायचा नाही, काठी फिरवायची. वेढा वेढ्याला चिकटला पाहिजे. दर आठ-दहा वेढ्यांनी अंगठ्याच्या नखाने मागे रेटा. शेवटाला सहा-आठ वेढे राहिले की दुसऱ्या दोऱ्याचा एक फासा आडवा घालून त्याच्यावरून गुंडाळा, टोक फाशात ओवा आणि फासा ओढा, टोक वेढ्यांच्या पोटात जातं. कडी नंतर अंगठ्याने जराशी सरकली पाहिजे, कारण सगळ्या कड्या एका रेषेत आणायच्या त्या लेपाआधी. करकचून आवळलेली गुंडाळी नळीला चावते. मोटरच्या कॉइलचंही तसंच असतं, शिकाऊ पोरं जोर लावतात आणि तारेचं इनॅमल सोलतात.

वरच्या लेपाबद्दल माझा एक शहाणपणा ऐका. मोटरीला लावतात ते इन्सुलेशन व्हार्निश दुकानात पडलेलंच असतं, म्हणून सुरुवातीला मी तेच लावलं. रंग सुरेख, मधासारखा. पहिल्याच रोहूने काठी वाकवली आणि कडीशेजारी बारीक तडे गेले. ते मोटरीतच शोभतं, जिथे काही वाकत नाही. काठीला दोन भागांचं पातळ पारदर्शक इपॉक्सी लागतं. प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं, कुठलं सारखं तर कुठलं दोनास एक. ते सिरिंजने मोजा, अंदाजपंचे नाही. चिकटवायचं घट्ट इपॉक्सी रीलच्या जागेसाठी ठेवा, लेप म्हणून ते जाड बसतं आणि पिवळं पडतं.

आणि हंगाम बघा. आपला मे महिना या कामाचा नाही. उष्णता दहा अंशांनी वाढली की इपॉक्सी दुप्पट वेगाने पकडतं. पत्र्याच्या शेडमध्ये ४२ अंशांत मी एकदा खोलगट वाटीत लेप कालवला, दहा मिनिटांत वाटी हाताला चटका द्यायला लागली, वाफ निघाली आणि ब्रश त्यात कायमचा उभा राहिला. तो अजून दुकानात आहे. तेव्हापासून कालवलेला लेप लगेच ॲल्युमिनियमच्या फॉइलवर पसरतो, पातळ थरात उष्णता निघून जाते. पावसाळाही नको, दमट हवेत वर चिकट, दुधट थर येतो. दिवाळी ते शिवरात्र हे दिवस झकास, थंडीत वाळायला वेळ जास्त लागतो एवढंच.

लेप लावल्यावर काठी फिरत ठेवावी लागते, नाहीतर तो ओघळून खाली थेंब धरतो. पहिला तासभर दर दोन मिनिटांनी पाव फेरा, मग जरा सावकाश, असं हाताने जमतं. पण आपल्याकडे प्रत्येक घरात कूलर आहे आणि कूलरच्या पट्ट्या हलवणारी छोटी स्विंग मोटर मिनिटाला पाच-सहा फेरे घेते. काठी फिरवायला याहून चांगली मोटर शोधून सापडणार नाही. भंगारातली आणा, आसाला पेनाचं टोपण चिकटवा, त्यात मूठ बसवा. ती २२० व्होल्टवर चालते, तेव्हा टोकं उघडी ठेवू नका, हे मी धंद्याच्या अधिकाराने सांगतोय. चोवीस तासांनी काठी हातात घ्या, पण मासा लावायला आठवडा जाऊ द्या.

मूठ. उंदरांनी खाल्लेलं बूच पूर्ण काढायची गरज सहसा पडत नाही. भांड्याच्या साबणाने घासून वाळवा, बाटलीच्या बुचाचा किस करा, लाकडाच्या गोंदात मळून खड्ड्यांत दाबून भरा, दुसऱ्या दिवशी २२० नंबरच्या आणि मग बारीक कागदाने घासा. बॅटची रबरी ग्रिप चढवणारे बरेच आहेत. दिसते छान, पण हलक्या काठीत मासा आमिषाला तोंड लावतो तो ठोका मुठीतूनच कळतो, आणि रबर तो गिळतं. रीलची जागा सैल असेल तर खाली चिकटपट्टीचे दोन-तीन कडे गुंडाळा, मध्ये मोकळी जागा ठेवा आणि ती चिकट इपॉक्सीने भरा.

मोडक्या टोकाची काठी. चार बोटं गेली म्हणजे सातेक सेंटिमीटर. तिला जोड देऊ नका. मोडलेली कड कापून साफ करा, गोल भोवती बारीक कानस फिरवत, करवतीने नाही. मग मोठ्या नळीची टोकाची कडी बसवा. ती गोंदाच्या काडीच्या गरम गोंदाने बसवा, इपॉक्सीने नाही, म्हणजे पुढे बदलायची वेळ आली तर तोच उकळत्या पाण्याचा ग्लास पुरतो. काठी थोडी ताठर होईल. वाईट नाही ते, आमिष जरा जड घ्या. मधोमध मोडली असती तर गोष्ट वेगळी, तेव्हा आत दुसऱ्या मोडक्या काठीचा तुकडा खुंटीसारखा घालून वर दोरा गुंडाळावा लागतो. दोन्ही बाजूंना नळीच्या जाडीच्या आठ-दहा पट तरी तो आत गेला पाहिजे.

सांध्याला मेणबत्तीचं मेण चोळा, तेल नको. अडकलेला सांधा दोघांनी सरळ ओढायचा, पिळायचा नाही.

रीलबद्दल थोडक्यात. रॉकेल मिळालं तर त्यात, नाहीतर पेट्रोलपासून लांब राहून डिझेलमध्ये धुवा, बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, दात्यांना ग्रीस. जुना तंगूस फेकून द्या, कितीही चांगला दिसला तरी. नवा भरताना कड दोन-तीन मिलिमीटर मोकळी ठेवा. आमिष टोकाला लावून सोडा, ते सावकाश खाली आलं पाहिजे आणि जमिनीला टेकताच रीळ थांबली पाहिजे, तोवर बाजूचा स्क्रू फिरवत राहा. तरी पहिल्या दिवशी पाखराच्या घरट्यासारखा गुंता होणारच. अंगठा शिकायला वेळ घेतो.

आता नवी घ्यावी का, या प्रश्नाकडे येतो. मरळ धरायची असेल तर नवी घ्या. पानकणसातून मरळ बाहेर खेचायला ताठ, दणकट काठी लागते. या काठीने ती गवतात शिरेल आणि तुम्ही काठावर उभे राहाल. (मरळीचा विषय निघालाच तर, पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसला की तिथे गळ टाकू नका. खाली आईबाप राखण करत असतात आणि ते गेले की पिल्लंही जातात.) पण चिलापी, लहान रोहू, गांडूळ किंवा कणकेची गोळी सत्तर-ऐंशी फुटांवर अलगद टाकायची, यासाठी जुनी मऊ काचेची काठी नव्या ग्रॅफाइटपेक्षा सरस पडते. नवी काठी झटका देते, कणीक गळावरून हवेतच सुटते. जुनी काठी हळू भरते आणि हळू रिकामी होते, गोळी गळावर राहते. मासा लागल्यावर त्याचं तोंड फाटत नाही. चुलत्यांनी याच कामासाठी त्या घेतल्या असणार.

येलदरीवर जाणार असाल तर तलावाचा ठेका कुठल्या मच्छीमार संस्थेकडे आहे ते विचारून त्यांची परवानगी घ्या. भोई मंडळी हौशी माणसाला सहसा नाही म्हणत नाहीत, न विचारता बसलेल्याला म्हणतात. जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, तिथे तर विचारल्याशिवाय नाहीच. रोहू-कटला पावसाच्या पहिल्या पुरात अंडी घालतात. त्या दिवसांत मी काठ्या दुकानात टांगून ठेवतो.

तुम्ही आता एवढं करा: मोडलेलं टोक साफ कापून झालं की तिथली जाडी व्हर्निअरने मोजा आणि कळवा. टोकाच्या कड्या इंचाच्या चौसष्टाव्या भागात येतात, एक भाग साधारण ०.४ मिलिमीटर. २.४ भरलं तर ६ नंबरची मागवायची, २.८ भरलं तर ७. मधलं काही भरलं तर मोठी घ्या आणि नळीवर दोऱ्याचा एक थर द्या. घासून बारीक करू नका.